कासवाची अंडी राखायला गावाला काय काय शिकावं लागतं?

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातलं वेळास पूर्वी नाना फडणवीसांचं गाव म्हणून माहीत होतं. आता ते कासवांचं गाव झालं आहे. फेब्रुवारी उजाडला की मुंबई-पुण्याहून गाड्या भरभरून लोक तिथे जातात, गावातल्या घरांमध्ये उतरतात आणि सकाळ-संध्याकाळ किनाऱ्यावर जाऊन समुद्राकडे निघालेली कासवाची पिल्लं बघतात. फोटोंमध्ये दिसतो तो हा शेवटचा अर्धा तास. त्याआधी जवळपास दोन महिने काय चाललेलं असतं, कोण करतं आणि का करतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ‘लोकसहभागातून वन्यजीव संरक्षण’ हा शब्दप्रयोग सरकारी कागदांत सारखा वाचायला मिळतो. तो प्रत्यक्षात कसा चालतो हे समजून घ्यायचं असेल, तर वेळासइतकं चांगलं उदाहरण दुसरं सापडणं कठीण.

सुरुवात झाली २००२ मध्ये. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेची मंडळी भाऊ काटदरे यांच्यासोबत कोकण किनाऱ्यावर पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाची पाहणी करत होती. ते वेळासला पोचले, तेव्हा वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. चौकशी केल्यावर कळलं, की इथे दरवर्षी कासवं येतात आणि त्यांची अंडी काढून नेली जातात. काही खाल्ली जातात, काही विकली जातात. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, कारण पिढ्यान्‌पिढ्या तसंच चालत आलेलं होतं.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. त्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांची आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी नष्ट करणं, त्यांच्या घरट्यांना धक्का लावणं हेही येतं. म्हणजे वेळासला ही पाहणी झाली तेव्हा कायदा होऊन ३० वर्षं उलटली होती आणि अंडी तरीही जात होती. इतक्या लांबलचक किनाऱ्यावर रोज पहाटे पहारा ठेवणं कुठल्याच खात्याला जमणारं नाही. जमलं तर ते तिथेच राहणाऱ्या माणसांना. शिवाय वाळूत घरटं नेमकं कुठे आहे हे ओळखण्याची नजरही त्यांच्याकडेच होती. अंडी काढायला जी नजर लागते, तीच अंडी राखायलाही लागते. संस्थेने गावातल्याच लोकांना या कामात घेतलं, ग्रामपंचायत आणि वन विभाग सोबत आले आणि पहिल्याच हंगामात पन्नासच्या आसपास घरटी राखली गेली.

आता हे काम जवळून पाहू.

आपल्या किनाऱ्यावर येणारी बहुतेक कासवं ऑलिव्ह रिडले जातीची. ओडिशात गहिरमाथा आणि ऋषिकुल्या इथे ती लाखांच्या संख्येने एकदम किनाऱ्यावर येतात. कोकणात तसं होत नाही. इथे एखादी मादी रात्री एकटीच येते, अंडी घालून परत जाते, आणि तिचा माग तेवढा वाळूवर उरतो. हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. त्या काळात कासवमित्र रोज उजाडायच्या आधी पुळणीवर फेरी मारतात. (किनाऱ्यावर राखणीचं काम करणाऱ्यांना ‘कासवमित्र’ म्हणतात आणि हे नाव आता सगळ्या कोकणात रुळलं आहे.) उशीर करून चालत नाही. ऊन चढलं की माग पुसट होतो, भरती आली की धुऊन जातो, आणि त्याआधी गावातली कुत्री नाहीतर कोल्हे वासावर पोचलेले असतात.

माग वाचणं ही एक विद्याच आहे. ऑलिव्ह रिडले चालताना पुढचे वल्ह्यासारखे पाय आळीपाळीने टाकते. त्यामुळे डाव्या-उजव्या बाजूच्या खुणा एकासमोर एक न पडता मागेपुढे पडतात. हिरवं समुद्री कासव दोन्ही पाय एकदम टाकतं, त्याच्या खुणा समोरासमोर असतात. नुसत्या मागावरून कोणतं कासव येऊन गेलं ते सांगता येतं. वर येतानाचा माग कुठला आणि परत जातानाचा कुठला, हेही पाहावं लागतं. दोन मागांच्या मध्ये वाळू विस्कटलेली असते. अंडी घालून झाली की मादी वाळू लोटून खड्डा बुजवते आणि अंग डावीकडे-उजवीकडे आपटत ती वाळू ठोकून बसवते. त्या विस्कटलेल्या जागेत अंड्यांचा खड्डा नेमका कुठे आहे ते हाताने, काठीने चाचपून शोधायचं असतं. खड्ड्यावरची वाळू आजूबाजूच्या वाळूपेक्षा भुसभुशीत लागते. जोर जास्त झाला तर अंडी फुटतात, म्हणून नवख्या माणसाला हे काम देत नाहीत. कधी कधी मादी वर येते, काहीतरी बिनसतं आणि ती अंडी न घालताच परत जाते. तेव्हा माग असतो, पण घरटं नसतं. हा फरक ओळखायला बरेच हंगाम जावे लागतात.

खड्डा सुमारे दीड फूट खोल, वर अरुंद आणि तळाशी रुंद. आत पिंगपाँगच्या चेंडूएवढी पांढरी, मऊसर कवचाची शंभर-सव्वाशे अंडी. ती जागेवरच ठेवता आली तर उत्तम. पण घरटं भरतीच्या रेषेखाली असेल किंवा कुत्र्यांचा उपद्रव असेल, तर अंडी उचलून कुंपण घातलेल्या जागेत हलवतात. त्या जागेला सगळे हॅचरीच म्हणतात. अंडी हलवायची तर वेळ पाळावी लागते. घातल्यानंतर काही तासांतच आतला जीव कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो. त्यानंतर अंडं उलटंपालटं झालं तर पिल्लू मरतं. म्हणून अंडी जितक्या लवकर हलवता येतील तितकी चांगली, आणि प्रत्येक अंडं ज्या बाजूने वर होतं त्याच बाजूने वर ठेवून, न हिंदकळवता न्यायचं. हॅचरीत मूळ खड्ड्याच्याच खोलीचा आणि आकाराचा नवा खड्डा करायचा, अंडी मोजून आत ठेवायची आणि वर पाटी लावायची. पाटीवर घरट्याचा क्रमांक, तारीख आणि अंड्यांची संख्या.

इथून ४५ ते ६० दिवस वाट पाहायची.

या दिवसांत वाळूत जे घडतं ते मला या सगळ्या विषयातलं सर्वांत थक्क करणारं वाटतं. पिल्लू नर होणार की मादी, हे अंड्यात आधीपासून ठरलेलं नसतं. वाळूच्या तापमानावरून ते ठरतं. साधारण २९-३० अंश सेल्सिअसच्या आसपास नर आणि मादी दोन्ही निघतात. वाळू त्याहून गार असली तर नर जास्त, गरम असली तर माद्या जास्त. फारच तापली तर अंडी खराब होतात. किनाऱ्यावरची सगळी घरटी एकसारख्या तापमानात नसतात. एखादं सुरूच्या बनाच्या सावलीत असतं, एखादं उघड्यावर, एखादं पाण्याजवळच्या ओल्या वाळूत. त्यामुळे नर-माद्यांचा समतोल आपोआप सांभाळला जातो. हॅचरीत सगळी अंडी एका ठिकाणी आली की ही विविधता जाते. म्हणून हॅचरीची जागा ठरवणं, ती दर हंगामी बदलणं, ऊन वाढलं की सावली करणं आणि तापमानाची नोंद ठेवणं हे सगळं आवश्यक आहे. उन्हाळे तापत चालले आहेत, त्यामुळे यापुढे ते आणखी आवश्यक होईल. कासवमित्राच्या वहीतला तापमानाचा आकडा म्हणजे पुढच्या पिढीत नर किती आणि माद्या किती, याची नोंद आहे.

पिल्लं बाहेर पडून गेली की घरटं उकरून टरफलं मोजतात. समजा ११० अंडी होती आणि ८८ रिकामी टरफलं सापडली, तर १०० पैकी ८० अंड्यांतून पिल्लं निघाली. उरलेली का उबली नाहीत, कोणत्या टप्प्यावर मेली, हेही पाहतात. हलवताना धक्का बसला असेल, वाळूत पाणी शिरलं असेल किंवा ती तापली असेल. हा हिशेब नीट ठेवला तरच पुढच्या वर्षी सुधारणा होते. ज्या ठिकाणी अशी नोंदवही नाही, तिथल्या संवर्धनाच्या दाव्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

महोत्सव आणि टोपली

२००६ पासून वेळासला कासव महोत्सव सुरू झाला. त्यामागचा हिशेब सरळ आहे. राखणीला माणसं लागतात, माणसांना मोबदला लागतो, आणि संस्थेच्या देणग्यांवर तो कायम निघत नाही. पाहुणे आले, गावातल्या घरांत राहिले-जेवले, तर कासव जिवंत राहण्यात गावाचा फायदा होतो. या रचनेतला एक धागा मात्र सहज निसटतो. पाहुण्यांची सोय किनाऱ्यावर हॉटेलं बांधून न करता घराघरांत केली, हा निर्णय पैशांपुरता नव्हता, कासवांच्याही भल्याचा होता. पिल्लं बाहेर पडतात ती बहुधा रात्री, आणि उजेडाच्या दिशेने धावतात. निसर्गात रात्री सर्वांत उजळ असतं ते समुद्रावरचं आकाश. किनाऱ्यालगत हॉटेल उभं राहिलं की त्याचे दिवे समुद्रापेक्षा उजळ होतात आणि पिल्लं उलट्या दिशेला, जमिनीकडे जातात. अंडी घालायला आलेली मादीही दिव्यांना बुजते. गोव्यात मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले येतात, आणि पर्यटनाचे दिवे व गोंगाट हा तिथला नेहमीचाच वाद आहे. वेळासचा किनारा रात्री काळोखाच राहिला, तो पाहुणे गावात झोपतात म्हणून.

सगळ्यांना सारखा फायदा होतो असं मात्र नाही. ज्याच्या घरात जादा खोली नाही, ज्याचं घर मुख्य रस्त्यापासून दूर आहे किंवा घरात पाहुण्यांचं करायला कुणी नाही, त्याच्या वाट्याला थोडंच येतं. असे कार्यक्रम कुठेही सुरू करताना हा प्रश्न पहिल्याच बैठकीत घ्यायला हवा. नाहीतर गावात दोन तट पडतात आणि त्यात कासव बिचारं भरडलं जातं.

दुसरा प्रश्न टोपलीचा. पिल्लं निघायचे दिवस जवळ आले की प्रत्येक घरट्यावर टोपली पालथी घालतात, म्हणजे बाहेर आलेली पिल्लं इकडेतिकडे जात नाहीत आणि खेकड्या-कावळ्यांच्या तावडीत सापडत नाहीत. सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला टोपल्या उचलून बघतात, पिल्लं असली तर दोरीच्या पलीकडे उभ्या असलेल्या पाहुण्यांसमोर वाळूवर ठेवतात आणि ती आपली आपण चालत समुद्रात जातात. पाहुण्यांसाठी ही व्यवस्था सोयीची आहे. पण पहाटे दोनला बाहेर पडलेलं पिल्लू सातपर्यंत टोपलीखाली राहिलं तर काय होतं? अंड्यातून निघताना त्याच्या पोटात बलकाची थोडी शिदोरी असते. त्या बळावर ते न थांबता हातपाय मारत किनाऱ्यापासून लांब, खोल पाण्यात पोचतं, कारण उथळ पाण्यातच त्याला खाणारे मासे आणि पक्षी जास्त असतात. टोपलीखाली धडपडण्यात ती शिदोरी संपत जाते. सकाळी ते समुद्रात जातं ते थकलेलं, आणि तेही उजेडात, पक्ष्यांच्या डोळ्यांदेखत.

माझं मत स्पष्ट आहे. टोपल्या रात्रभर थोड्या थोड्या वेळाने तपासाव्यात, जी पिल्लं निघतील ती तेव्हाच सोडावीत, आणि पाहुण्यांच्या वेळेला जी निघतील तेवढीच पाहुण्यांना दिसावीत. एखाद्या दिवशी एकही दिसलं नाही तर नाही. दीडशे-दोनशे किलोमीटर गाडी हाकून आलेल्या माणसाला हे सांगणं अवघड जातं, मान्य आहे. पण ज्या गावाने अंडी खाणं सोडलं, त्या गावाला हे सांगण्याचा हक्क आहे आणि शहरातून येणाऱ्यांनी ते ऐकायला हवं.

निकाल कधी लागतो?

ऑलिव्ह रिडले अंडी घालण्याइतकी मोठी व्हायला दहा-पंधरा वर्षं लागतात. हजारातलं एखादंच पिल्लू तितकं जगतं, असा सर्वसाधारण अंदाज सांगितला जातो. माद्या मोठ्या झाल्यावर बहुधा आपल्या जन्माच्या मुलुखातच अंडी घालायला परततात. म्हणजे २००३ साली सोडलेलं पिल्लू आई होऊन आलंच, तर ते २०१३ नंतर कधीतरी. शिवाय इतक्या लहान पिल्लाला टिकणारी खूण लावता येत नाही, त्यामुळे आज आलेली मादी इथलीच का, हे बघून सांगता येत नाही. इतक्या लांबचा निकाल असलेलं काम माणसं वर्षानुवर्षं करत राहतात, याचं मोल सरकारी योजनांच्या तीन-पाच वर्षांच्या मुदतीत मोजता येणार नाही.

मोठ्या कासवांबद्दल मात्र गेल्या काही वर्षांत पुष्कळ कळलं आहे. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या कांदळवन कक्षाने आणि भारतीय वन्यजीव संस्थेने वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संकेत देणारं यंत्र बसवलं. पश्चिम किनाऱ्यावरचं असं पहिलंच कासव, म्हणून तिचं नाव ठेवलं ‘प्रथमा’. पुढच्या वर्षी गुहागरहून ‘बागेश्री’ निघाली, ती थेट दक्षिणेला उतरून श्रीलंकेला वळसा घालत बंगालच्या उपसागरात पोचली. मग २०२५ च्या जानेवारीत उलटं घडलं. गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायावर धातूची पट्टी दिसली. ती पट्टी २०२१ साली ओडिशाच्या गहिरमाथ्याला लावलेली होती. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवं वेगवेगळी, असं धरून चाललो होतो, ते पुन्हा तपासायची वेळ या एका पट्टीने आणली. किनाऱ्यावर कुणी डोळे उघडे ठेवून फिरत नसतं, तर ती पट्टी कुणाला दिसलीच नसती.

किनाऱ्याच्या पलीकडे

घरटी राखून अर्धंच काम होतं. मोठी कासवं मरतात ती समुद्रात. कासव फुप्फुसाने श्वास घेतं, त्याला हवेसाठी वर यावं लागतं. ट्रॉलरच्या ओढजाळ्यात अडकलं की ते गुदमरून मरतं. त्यावर उपाय आहे, ‘टेड’ नावाची जाळ्यात बसवायची चौकट. कोळंबी तिच्या गजांमधून मागे जाते आणि कासव वरच्या नाहीतर खालच्या झडपेतून बाहेर पडतं. थोडी मासळीही निसटते, म्हणून मच्छीमार ती लावायला नाखूश असतात. पण भारतीय ट्रॉलरवर टेड नसल्यामुळे अमेरिकेने २०१९ पासून आपल्याकडची समुद्रातून धरलेली कोळंबी घेणं थांबवलं, तेव्हा न लावण्याचीही किंमत मोजावी लागतेच.

महाराष्ट्राने २०१८ च्या अखेरीस आणलेली एक योजना मला जास्त शहाणपणाची वाटते. जाळ्यात कासव, देवमासा, बहिरी मासा असा संरक्षित प्राणी अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. पुरावा म्हणून मोबाइलवरचे फोटो किंवा व्हिडिओ चालतात. त्या व्हिडिओंमुळे कुठल्या समुद्रात कोणता प्राणी सापडतो याची नोंदही जमत जाते, आणि तीही जे रोज समुद्रात असतात त्यांच्याकडून.

प्राणी बदलला की कार्यक्रमाची रीतही बदलावी लागते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवती बिबट्यांसाठी २०११ मध्ये ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम वन विभागाने नागरिकांना आणि अभ्यासकांना सोबत घेऊन सुरू केला. तिथे महोत्सव करून भागणार नव्हतं, कारण बिबट्या माणसावर हल्ला करू शकतो. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्नर भागात केलेल्या अभ्यासात दिसलं होतं, की बिबटे पकडून दुसरीकडे सोडायला लागल्यावर माणसांवरचे हल्ले कमी न होता वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले. त्यामुळे मुंबईत लोकांना सांगायचं होतं ते हे, की पिंजरा मागू नका. कचरा उघड्यावर टाकू नका, म्हणजे कुत्री जमणार नाहीत आणि त्यांच्या मागे बिबट्या येणार नाही. अंधार पडल्यावर लहान मुलांना एकटं बाहेर सोडू नका, शौचालयाकडे जाणाऱ्या वाटेवर दिवा हवा. वारली पाड्यांवर वाघोबा पुजला जातो, बिबट्याशेजारी राहायची सवय त्यांना पिढ्यांची आहे. इमारतींत राहायला आलेल्यांना ती नव्याने लावून घ्यावी लागते.

तुमच्या गावात असं काही सुरू करायचं असेल, तर हाताशी एक साधन आधीच आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीला आणि नगरपालिकेला जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावी लागते आणि लोक जैवविविधता नोंदवही करावी लागते. तुमच्या ग्रामपंचायतीत जाऊन ती मागा. बऱ्याच ठिकाणी ती बाहेरच्या कुणीतरी घाईने भरलेली दिसेल. ती पुन्हा भरायला घ्या. गुराखी, मासे धरणाऱ्या बायका, मध काढणारे आणि शाळेतली मुलं यांना सोबत बसवा. कोणता प्राणी कुठल्या महिन्यात, कुठल्या ओढ्यावर, पूर्वी किती दिसायचा आणि आता किती, एवढं लिहायला लागलात तरी काम सुरू झालं. शाळेच्या मुलांकडून एकाच तळ्यावरचे पक्षी वर्षभर दर महिन्याला मोजून घेतले, तर एका दिवसाच्या निसर्गसहलीपेक्षा कितीतरी जास्त पदरात पडतं.

आणि कोकणात राहत असाल किंवा पावसाळ्यात किनाऱ्यावर गेलात, तर जखमी किंवा जाळ्यात गुरफटलेलं कासव वाहून आलेलं दिसू शकतं. उधाणाच्या दिवसांत ते वारंवार घडतं. त्याला ढकलून पुन्हा समुद्रात घालू नका. दमलेलं कासव पाण्यात डोकं वर धरू शकत नाही आणि बुडून मरतं, म्हणून त्याला पाण्याच्या टाकीत किंवा बादलीतही ठेवू नका. सावलीत न्या, पाठीवर ओलं फडकं टाका, नाकातोंडावर मात्र टाकू नका. कुत्री आणि बघे लांब ठेवा. मानेभोवती किंवा पायाभोवती घट्ट रुतलेलं जाळं ओढून काढू नका, त्याने जखम वाढते. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करून जागा नीट सांगा. समुद्री कासवांवर उपचार करणारं केंद्र डहाणूला आहे, आणि मदत येईपर्यंत कुणीतरी कासवाजवळ थांबलेलं असावं.